आंबेकोंडचा सवाल, धामणवाडीचा जवाब

दिवाळी संपली की चार दिवस कोकणात जायचं, हे माझ्या नणंदेनं, मीनलनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्या डोक्यात आंजर्ले होतं. कड्यावरचा गणपती, मग हर्णे बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि जेवायला तळलेला सरंगा. माझ्या डोक्यात मात्र महिनाभर एक वेगळंच गाव होतं, जे नकाशावर शोधायला भिंग लागलं होतं. आंबेकोंड. संगमेश्वरहून आतल्या अंगाला. शेवटी तडजोड अशी झाली की मुक्काम रत्नागिरीत, मासे भरपूर आणि मधले दिवस माझ्या कामाचे. "वहिनी, सुट्टीत कुणी ऑफिस बरोबर नेतं का?" असं म्हणत मीनलनं बॅग भरली. ऑफिसचा लॅपटॉप मी तिच्याच कपड्यांत गुंडाळून ठेवला आहे, हे तिला घाटात कळलं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पुण्यात जुन्या फिल्म आणि ध्वनिफितींच्या एका लहानशा संग्रहात नोंदी करते. आमच्याकडे मोठे सिनेमे नाहीत. कुणाच्या घरच्या लग्नाचं रीळ, कुणी गावोगाव हिंडून टेपवर घेतलेल्या ओव्या, कुणाच्या माळ्यावर सापडलेले मुखवटे, असला ऐवज. पूर्वी प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असायचं. रिळाचं कार्ड रिळांच्या कपाटात, टेपचं टेपांच्या कपाटात, आणि त्या दोन कपाटांची एकमेकांशी ओळख नसायची. सगळं संगणकावर घ्यायला लागलो तेव्हा पद्धत बदलली. आता वस्तूबरोबर माणसाचीही वेगळी नोंद करायची, गावाची करायची, त्या दिवशीच्या कार्यक्रमाची करायची, आणि मग त्यांच्यात नाती जोडायची. हे रीळ अमक्यानं काढलं, त्यात तमका गातो, हा मुखवटा त्याच कार्यक्रमात वापरला. एका नोंदीपासून निघालेल्या माणसाला दुसरीपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या जोडाजोडीत मला दोन गोष्टी सापडल्या. एक होतं मुकं रीळ, रत्नागिरीच्या एका खलाशाच्या घरून आलेलं. डब्यावर 'आंबेकोंड, जाखडी' आणि साल, एवढंच लिहिलेलं. दुसरी होती एका लोकगीतं गोळा करणाऱ्या गृहस्थांची टेप. तिच्यावर 'धामणवाडी, जाखडीचं गाणं, गायक अज्ञात'. साल दोन्हींवर एकच, तीसेक वर्षांपूर्वीचं. नकाशावर ही दोन्ही गावं एकाच वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन बाजूंना. आमचे साहेब खूश झाले. "चित्र इथं, आवाज तिथं. जोडून टाका, ह्या फिल्मचा हा आवाज."

मी जोडलं. पण दोन्ही एकत्र लावून बघितलं तेव्हा ढोलकीवर पडणारी थाप आणि कानावर येणारा ठेका जुळेना. ते नातं मला पक्कं करवेना. "तिथं जाऊन विचारून येते," असं मी म्हटलं, आणि साहेबांनी रजेऐवजी दौरा मंजूर केला.

जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गौरी-गणपतीत कोकणातल्या वाड्यावाड्यांत पुरुष रिंगण धरून नाचतात, पायात घुंगरू बांधून. ढोलकी, झांज घेतलेली मंडळी मधोमध बसतात आणि त्यांचा शाहीर, म्हणजे बुवा, गातो. दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाल्यांना आदिमाया थोर, तुरेवाल्यांना शिव थोर. एका बुवानं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच बैठकीत गाण्यातूनच जवाब द्यायचा.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. कऱ्हाड, पाटण, कोयना आणि मग कुंभार्ली घाट. दोनशेच्या आतबाहेर तिकीट पडतं आणि जवळजवळ अख्खा दिवस जातो. आंबा घाटातून येणारी गाडीही आहे, पण ज्याला वळणं लागतात त्यानं कुठलाही घाट निवडला तरी लिंबू बरोबर ठेवावं. चिपळूणच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. हातखंब्याला महामार्ग सोडला आणि उन्हं कलताना रत्नागिरीत उतरलो. भातकापणी होऊन गेली होती. वाटेतल्या मळ्यांतून पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, जांभ्या दगडाच्या गडग्यांवरचं गवत पिवळं पडलेलं. मांडवीला समुद्राजवळ साधीशी खोली घेतली. खानावळीत सुरमई, सोलकढी आणि भात. मीनलनं पहिला घास घेतला आणि आंजर्ल्याचं नाव दोन दिवस काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजिवड्यात गेलो, हमीदाचाचींकडे. रीळ काढणारे दाऊदमियां हे त्यांचे नवरे. ते जहाजावर होते, आता हयात नाहीत. चाचींनी आम्हाला दारातच विचारलं, "जेवून नाय ना आलात?" आणि उत्तराची वाट न बघता तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं सालन पुढं ठेवलं. त्यांच्या घरातून भाट्याची खाडी दिसते. होड्या येत-जात होत्या आणि चाची अधूनमधून खिडकीकडं बघून कुणाची होडी आली ते सांगत होत्या.

लॅपटॉपवर रीळ लावलं. मुलानं ते आमच्या संग्रहाला दिल्यापासून त्यांनी पाहिलं नव्हतं. देवळासमोरचं अंगण, नाचणाऱ्यांचं रिंगण, मध्ये एक तरणाबांड बुवा हात उंचावून गातोय. मग कॅमेरा वळतो. समोरच्या बाजूला दुसरा बुवा मांडी घालून बसलाय, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. तो उठतो, छातीवर हात ठेवतो, मान हलवतो. रीळ संपतं.

"हा धोंडू," चाची म्हणाल्या.

"कोण धोंडू?"

"धामणवाडीचा. आमच्या बागेत आंबा उतरवायला यायचा. ह्यांचा जिवाभावाचा दोस्त. आणि हा मफलर ह्यांचा गो. जहाजावरून आणलेला."

मी विचारलं, गणपतीच्या दिवसांत, एवढ्या उकाड्यात मफलर कशाला?

"गळा बसला होता त्याचा. पार बसला होता. आदल्या दिवशी इथं आला, तर तोंडातून शब्द फुटेना. मी मिरी घालून काढा करून दिला. ह्यांनी सांगितलं, नको जाऊ. तर खुणेनं म्हणतो, गेलो नाही तर भिऊन आला नाही म्हणतील. मग ह्यांनी मफलर गुंडाळून दिला आणि स्वतःपण बरोबर गेले, कॅमेरा घेऊन. गेला, पण गाता कुठं आलं? त्याच थंडीत तापानं गेला बिचारा. त्याची मुलगी आहे, सुलू. आंबेकोंडलाच दिलीय."

मी टेपही लावून दाखवली. चाचींनी लक्ष देऊन ऐकली आणि मान हलवली. "धोंडूचं गाणं मी कधी ऐकलं नाही. बोलणंच ऐकलंय. मला सांगता यायचं नाही. सुलूला विचार."

बाहेर पडल्यावर मीनल म्हणाली, "म्हणजे साहेबांचं चुकलं का?"

"माहीत नाही अजून," मी म्हटलं. पण एवढं कळलं होतं की फिल्ममध्ये जो गातोय त्याचा आवाज आणि टेपवरचा आवाज एकाच माणसाचा असेलच असं नाही.

आंबेकोंडला जायचं असेल तर रत्नागिरीहून संगमेश्वरची एसटी भरपूर मिळते. पुढं वडाप जीप, म्हणजे जीप भरली की निघणार. भरली म्हणजे आपल्याला वाटते तशी नाही. मीनल शेवटी एका आजींच्या तांदळाच्या पिशवीवर बसली. जीप सोडल्यावर थोडी चढण पायी. वाडीत शिरलो तेव्हा विजेची वेळ संपायला आली होती. भारनियमनाचं वेळापत्रक तिथं सगळ्यांना पाठ असतं. लॅपटॉप चार्ज होता, तरी घाई केली.

फिल्ममधला तरणाबांड बुवा आता साठीपलीकडचा होता. तुकारामबुवा. मुंबईत गिरणीत राहून आलेले, गिरण्या बंद पडल्यावर कायमचे गावी. पडवीत बसून बांबूची टोपली विणत होते. आम्ही काय आणलंय ते ऐकल्यावर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. बघता बघता पडवी भरली.

रीळ सुरू झालं तसा गलका झाला. हा कुणाचा, तो कुणाचा. "त्यो बग भागोजीचा बापूस." "अरे, माजा काका." कोकणात माणसाला नाव नंतर विचारतात, आधी कुणाचा ते विचारतात. मी वहीत भराभर उतरवून घेत होते, कोण कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कोण ढोलकीवर, कोण झांजेवर. संग्रहात जे रीळ 'पुरुषांचे समूहनृत्य' होतं त्याला पडवीतल्या पडवीत वीसेक माणसांची नावं मिळाली. तुकारामबुवा स्वतःला बघत होते आणि हसत होते. "केस बगा माजे," एवढंच म्हणाले.

मग मी टेप लावली. पहिल्याच ओळीला बुवांनी मान वळवली.

"ह्यो आवाज माजा नाय."

"मग कुणाचा, बुवा?"

उत्तर मागून आलं, एका बाईच्या आवाजात. "माज्या बापाशीचा."

दाराला टेकून चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात सूप, त्यात निवडायचे तांदूळ. ह्याच सुलोचनाताई, धोंडूबुवांची मुलगी. टेप चालू होती:

दिवा आई, वात आई, तेल आई म्हणू किती?
ठिणगीवाचून तिघी बसल्या अंधारात सोबती.
चौघं भेटले त्या घडीला उजेडाचा झाला जन्म,
एकाचं नाव घेशील बुवा, तर चुकलं तुझं वर्म.

गाणं संपलं. तुकारामबुवा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि सरळ घरात गेले. माणसं पांगली. मीनल माझ्या कानाशी कुजबुजली, "वहिनी, काहीतरी बिघडलं."

मलाही तसंच वाटलं. आमच्या कामात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती म्हणजे दोन नोंदी जोडताना मधे जिवंत माणसं उभी असतात.

सुलोचनाताई आम्हाला आपल्या घरी घेऊन गेल्या. संगमेश्वरला परत जायला जीप उरली नव्हती, म्हणून मुक्काम तिथंच. त्यांनी चहा करून दिला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

त्या वर्षी तुकारामबुवांनी सवाल टाकला आणि धोंडूबुवांनी जवाब दिला नाही. गळा बसल्याचं कुणी मानलं नाही. बैठकीत हरलेला प्रत्येक जण काहीतरी सांगतोच. धामणवाडीचा बुवा बिनजवाबाचा उठून गेला, असं पंचक्रोशीत झालं. धोंडूबुवांचा फड मोडला. पोरं दुसऱ्या बुवांकडं गेली. गळा सुटल्यावर काही दिवसांनी पुण्याचा एक माणूस मशीन घेऊन वाडीत आला, गाणी गोळा करत. धोंडूबुवांनी अंगणात बसून त्याला तो जवाब गाऊन दिला.

"मी तितंच बसलेली," सुलोचनाताई म्हणाल्या. "लहान व्हते. बाबा म्हणाले, आता ह्यो जवाब पुण्याला जाईल, पुण्यावरनं सगळीकडं जाईल, तुकारामाच्या कानावर पडंल. मशीनवाला माणूस निघून गेला. मग बाबापण गेले."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितला की. सगळ्यांना सांगितला. तर इचारायचे, मशीन कुठंय मग?" त्या हसल्या. "लगीन होऊन हितंच आले. सासरचे वाईट नाय हो, कुणी वाईट नाय. पण गणपतीत जाखडी रंगली की कोणतरी बोलायचाच, हिला जवाब इचारू नका, ही धामणवाडीची हाय. मी पण हसायचे. मना नुसती चाल आठवत व्हती आणि पहिली ओळ. कदीकदी वाटायचा, खरंच गायले व्हते का, की मीच मनात धरून बसलेय."

मी टेप पुन्हा लावली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली. जेवायला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बोंबील होता. मीनल, जिला सुट्टीत ऑफिस नको होतं, तीच त्यांना विचारत बसली की बाबा दिसायला कसे होते, रागवायचे का, आणखी कुठली गाणी होती. सुलोचनाताईंनी एकदोन गुणगुणून दाखवली. आवाज बारीक, पण ठेका पक्का.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना तुकारामबुवा अंगणात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. मागं वाडीतली बरीच मंडळी, एकाच्या गळ्यात ढोलकी.

"काल उठून गेलो, बाय," ते मला म्हणाले, पण बघत होते सुलोचनाताईंकडं. "राग आला म्हणून नाय. जवाब कानावर पडला आणि माजाच सवाल मना आठवंना. तुज्या चित्रात मी गाताय, पण आवाज कुठंय? कोणाकडंच नाय. मग आत बसून जुळवत व्हतो. पहाटे आठवला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फिल्म मुकी होती. टेपवर फक्त जवाब होता. सवालाचे शब्द कुठल्याच कपाटात नव्हते, ते होते फक्त ह्या एका माणसाकडं. मी पर्समधून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि "चालेल का?" असं विचारलं. ते म्हणाले, "त्येच्यासाठीच आलाव."

ते अंगणात मांडी घालून बसले आणि गायले. आवाज फाटत होता, वरचा सूर लागत नव्हता, पण एक शब्द अडला नाही.

दिवा म्हणे मी उजेड, वात म्हणे मी उजेड,
तेल म्हणे माझ्याविना दोघांची रे बोळवण;
सांग तुरेवाल्या बुवा, उजेडाची आई कोण?

शेवटची ओळ त्यांनी तीनदा म्हटली. मग हात वर करून ढोलकी थांबवली आणि मला खूण केली. मी टेप लावली. धोंडूबुवांचा आवाज अंगणात आला, आणि तुकारामबुवा सबंध वेळ खाली मान घालून ऐकत राहिले. ढोलकीवाल्याचा हात आपोआप ठेक्यावर पडायला लागला होता.

संपल्यावर बुवा उठून सुलोचनाताईंसमोर गेले. "सुले, जवाब आला," ते म्हणाले. "बैठकीत नाय आला, ता खराच. पण आला, आणि बरोबर हाय. मी उजेडाची एकच आय मागत व्हतो. त्यानं मना घरच दाखवला."

सुलोचनाताईंनी पदर तोंडाला लावला. आत जाऊन गूळपाणी घेऊन आल्या आणि आधी बुवांना दिलं. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे धोंडू हरला नव्हता तर." बुवांनी मागं वळून म्हटलं, "आणि मीपण नव्हतो हरलो. गप बस." सगळे हसले, सुलोचनाताईसुद्धा.

निघताना मी बुवांना विचारलं की आमच्या नोंदीत ह्या दोन गाण्यांचं नातं काय लिहू? 'स्पर्धेतलं गाणं' लिहू, 'विरोधी पक्षाचं' लिहू? त्यांनी थोडा विचार केला. "हारजीत लिवू नको. ह्याला त्याचा जवाब, एवढाच लिव."

परत रत्नागिरीत आलो. वाकडी वाट करून चाचींकडं गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे हे दर वर्षी म्हणायचे, धोंडूला पुन्हा उभा करायला पाहिजे होता." मीनलला त्यांनी सुक्या जवळ्याची पुडी बांधून दिली. त्या वासामुळं परतीच्या एसटीत आमच्या शेजारची जागा कऱ्हाडपर्यंत रिकामी राहिली. तुम्ही नेणार असाल तर डब्यात न्या, पुडीत नको. आणि मुक्कामाचा सल्ला विचाराल तर मांडवीला समुद्राकडची खोली मागून घ्या. चार पैसे जास्त पडतात, पण पहाटे होड्यांची इंजिनं ऐकत जागं व्हायला मिळतं.

ऑफिसात गेल्यावर खरी लढाई झाली. संगणकात नात्यांची एक ठरलेली यादी आहे. 'चा भाग', 'ची प्रत', 'वर आधारित' वगैरे. ती बाहेरून आलेली आहे आणि सगळीकडं तीच वापरतात, म्हणजे एका संग्रहातलं दुसऱ्याला कळतं. त्यात 'ला जवाब' नाही. साहेबांचं म्हणणं असं की प्रत्येकानं आपापली नाती घालायला सुरुवात केली तर यादीला अर्थ उरणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. मी वाद घातला नाही. नव्या कॅसेटवरचा सवाल आणि जुन्या टेपवरचा जवाब एकापाठोपाठ लावून त्यांना हेडफोन दिले. ऐकून झाल्यावर त्यांनी ते काढले आणि विचारलं, "फिल्ममध्ये मफलर आहे तोच का हा?" मी हो म्हटलं. "मग 'संबंधित' ह्या मोठ्या नात्याखाली आपलं पोटनातं म्हणून घाला. बाहेरच्यांना 'संबंधित' दिसेल, आपल्याला 'ला जवाब'."

आता नोंद अशी आहे. फिल्म: दाऊदमियांनी काढलेली, तुकारामबुवा सवाल गाताना, धोंडूबुवा ऐकताना. नवी कॅसेट: त्या सवालाचे शब्द. जुनी टेप: त्या सवालाला धोंडूबुवांचा जवाब. आवाज ओळखणारी, सुलोचना, गायकाची मुलगी. गायकाचा गळा बसल्याचं सांगणारी, हमीदा, चित्रण करणाऱ्याची बायको. कुठल्याही टोकाकडून आत शिरा, बाकीच्यांपर्यंत पोचता येतं. ते नवं पोटनातं घातल्यावर माझ्या सहकाऱ्यानं लोकगीतांच्या टेपा पुन्हा काढल्या, आणि आजवर सुटी सुटी वाटणारी आणखी काही गाणी एकमेकांशी बोलताना सापडायला लागली आहेत. काम वाढलं आहे. कुणाची तक्रार नाही.

सीडीच्या प्रती आंबेकोंडला आणि राजिवड्याला पाठवल्या. गेल्या गणपतीत आंबेकोंडच्या पोरांनी सवाल म्हटला आणि धामणवाडीच्या पोरांनी जवाब, असं कळलं. आम्हाला बोलावणं होतं, पण जमलं नाही. मीनल अजून मला त्यावरून बोलते, आणि आंजर्ल्यावरूनही.

घरी परत येऊन काय उरतं, असं प्रवासानंतर स्वतःला विचारायची मला सवय आहे. समुद्र उरतो, चव उरते, ती हळूहळू जाते. ह्या वेळी उरलंय ते वेगळं आहे आणि ते अजून चालू आहे. गणपतीनंतर तुकारामबुवांनी नवा सवाल रचला आणि कॅसेट भरून पाठवली. मी तिची नोंद केली. शेवटी विचारलंय की दोन गावांमधला वहाळ कुणाचा, ह्या तीराचा की त्या. धामणवाडीच्या पोरांना काही सुचेना, असं ऐकलं.

परवा दुपारी ऑफिसात फोन आला. सुलोचनाताई, संगमेश्वरच्या एसटीडी बूथवरून.

"ताय, बुवांच्या सवालाला जवाब जुळवत्येय," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नका अजून. बायका गात नाय म्हणतात जाखडीत. बघू काय म्हणतात ते."

"किती झालाय?"

"शेवटची ओळ अडलीय," सुलोचनाताई म्हणाल्या, आणि मागं वाजत असलेल्या एसटीच्या हॉर्नवर आवाज चढवून त्यांनी मला पहिल्या तीन ओळी म्हणून दाखवल्या.